प्रतिभा आणि प्याला



राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी नवसारीस झाला. वापी-वलसाड ओलांडले की नवसारी. तेव्हा सिल्वासाकरांचा त्यांच्यावर थोडा शेजारहक्क आहे, असे मी मानतो. फर्ग्युसन महाविद्यालयही १८८५ सालचेच. तेथे गडकरी शिकले आणि पदवी न घेताच बाहेर पडले.

नशेवाचून प्रतिभा फुलत नाही, ही समजूत महाविद्यालयीन तरुणांत खोल रुजलेली मी अध्यापनाच्या काळात पाहिली. पुराव्यादाखल अल्पायुषी कवींची नावे येत. त्यांत ‘गोविंदाग्रज’ हमखास. वस्तुतः गडकऱ्यांना नेले ते क्षयाने, २३ जानेवारी १९१९ रोजी, सावनेर येथे. वय अवघे ३३. त्या अखेरच्या दुखण्यातही त्यांनी ‘भावबंधन’ पुरे केले. याला झिंग म्हणावयाचे की चिकाटी?

त्यांच्या पिढीचा इतिहासही या समजुतीस अनुकूल नाही. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या पाठिंब्याने दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले. सरकारच्या अबकारी उत्पन्नावर तो घाव होता. त्या स्वयंसेवकांत विद्यार्थी होते. दुकानाच्या आत नव्हे, दारात उभे.

‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास रंगभूमीवर आणले. लेखक तेव्हा हयात नव्हता. यातला सुधाकर कवी नाही, बुद्धिमान वकील आहे. त्याला प्याल्याकडे नेतो तो दुखावलेला अभिमान, आणि प्याला हाती देतो तळीराम. गडकऱ्यांचे धारिष्ट असे की, नाटकातला उत्तम विनोद त्यांनी आर्यमदिरामंडळाच्या मद्यप्यांनाच बहाल केला. मद्याची इतकी चतुर वकिली मराठीत क्वचितच झाली असेल. पण तिचा एकेक युक्तिवाद सोनाराच्या काट्यावर तोललेला आहे. झिंगलेल्या जिभेची बडबड लिहावयास हात स्थिर लागतो.

स्नेहसंमेलनांत मात्र नेमका तेवढाच प्रवेश होतो, हशा पिकतो आणि पडदा पडतो. सिंधूची उपासमार, पोटच्या मुलाचा बापाच्या हातून झालेला अंत, सुधाकराचा विषाचा प्याला, हे सारे वगळले जाते. १९६० पासून दारूबंदी असलेल्या गुजरातला खेटून असल्याने या गावी सुटीत कोणत्या हेतूने तरुण येतात, ते आपणांस ठाऊकच आहे. माझी विनंती एवढीच की, या शाळेने येत्या संमेलनात पाचवा अंक बसवावा. तालमींना मी येईन.