टाउन हॉल, मुंबई
मुंबईच्या फोर्ट विभागातील एक संरक्षित ऐतिहासिक वास्तू. हॉर्निमन सर्कलच्या पूर्वेस ती पश्चिमाभिमुख उभी असून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय तीत असल्याने ‘एशियाटिक लायब्ररी’ या नावानेच ती अधिक परिचित आहे. मुंबई महानगरपालिकेची स्थापना १८७२ च्या कायद्याने झाली; तिच्या सु. चाळीस वर्षे आधी, १८३३ मध्ये, ही इमारत पूर्ण झाली होती. म्हणजे येथे नगरगृह आधी आले आणि नगरशासन मागाहून. त्यामुळे या ‘नगरा’त कोणाचा समावेश होतो, हा प्रश्न वास्तूच्या नावातच दडलेला होता आणि तो सुटण्यास बराच काळ जावा लागला.

इमारतीची मूळ कल्पना सर जेम्स मॅकिंटॉश यांची. मुंबईचे रेकॉर्डर असताना त्यांनी २६ नोव्हेंबर १८०४ रोजी ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही विद्वत्संस्था स्थापन केली. संस्थेचा ग्रंथसंग्रह व शहरातील सार्वजनिक सभा यांसाठी एक भव्य वास्तू असावी, असा विचार १८११ च्या सुमारास पुढे आला. सोडत काढून निधी जमविण्याचा प्रयत्न झाला; परंतु तो अपुरा पडला व काम रेंगाळले. अखेर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने खर्चाचा मोठा भार उचलला आणि १८२१ मध्ये बांधकामास आरंभ झाला. आराखडा बाँबे एंजिनिअर्सचे कर्नल टॉमस कूपर यांचा होता. ते इमारत पूर्ण होण्यापूर्वीच, १८२५ मध्ये निवर्तले.

वास्तुशैली नवअभिजात असून तिची प्रेरणा ग्रीक मंदिरवास्तूची आहे. इमारतीची लांबी सु. ७९ मी. व रुंदी सु. ३० मी. आहे. दर्शनी बाजूस तीस पायऱ्यांचा रुंद सोपान थेट वरच्या मजल्यावर जातो. त्याच्या माथ्यावर उभ्या पन्हळी कोरलेल्या आठ डोरिक स्तंभांची द्वारमंडपी असून तिच्या वर त्रिकोणी शिरोभाग आहे. स्तंभ इंग्लंडहून जहाजाने आणले होते. ते अपेक्षेपेक्षा जाड निघाल्याने जोडस्तंभांचा मूळ बेत सोडावा लागला व उरलेले स्तंभ भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चसाठी वापरले गेले, असे परंपरेने सांगितले जाते. बाहेरील रूप असे निखळ ग्रीक असले, तरी मुंबईच्या उन्हापावसापुढे शैलीला थोडी मुरड घालावी लागली. खिडक्यांना लाकडी झडपा व छज्जे आहेत. सोपान चढून आत येणाऱ्याला खालच्या मजल्याची जाणीवही होत नाही. सगळी प्रतिष्ठा वरच्या दालनांकडे आहे. त्यांतील दरबार हॉल हे प्रमुख सभागृह होय. इमारतीतील संगमरवरी पुतळ्यांपैकी मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन व सर जॉन माल्कम या गव्हर्नरांचे पुतळे सर फ्रान्सिस चँट्री या इंग्रज शिल्पकाराने घडविलेले आहेत.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी याच पायऱ्यांवरून व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचण्यात आला. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन त्या वेळी उपस्थित होते. जाहीरनाम्याचा मराठी अनुवादही तेथेच वाचला गेला. पुढच्या चार वर्षांत इमारतीच्या वापरात लक्षणीय बदल झाला. १८६१ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या मुंबई विधिमंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी दरबार हॉलमध्ये भरली. तिच्या नामनियुक्त हिंदी सभासदांत जगन्नाथ शंकरशेट होते. मॅथ्यू नोबल याने घडविलेला त्यांचा पुतळा आज इंग्रज गव्हर्नरांच्या पुतळ्यांसमवेत याच वास्तूत आहे. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचा पहिला पदवीदान समारंभही येथेच झाला. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे हे विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर. विद्यापीठाचे स्वतःचे सभागृह १८७४ मध्ये तयार होईपर्यंत टाउन हॉलनेच ती गरज भागविली.

ग्रंथालयाची दारे मात्र अधिक सावकाश उघडली. १८३० च्या सुमारास लिटररी सोसायटी ही लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली. तिचे सभासदत्व प्रारंभी युरोपियनांपुरतेच होते. माणेकजी कर्सेटजी यांचा अर्ज एकदा फेटाळण्यात आला. १८४० मध्ये ते पहिले हिंदी सभासद झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी संस्थेच्या नियतकालिकातून शिलालेखांवर लिहिले व पुढे तिचे उपाध्यक्षपदही भूषविले. काशीनाथ त्र्यंबक तेलंग हे १८९२ मध्ये अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. सभासदत्वाच्या पहिल्या मंजुरीपासून अध्यक्षपदापर्यंत बावन्न वर्षे लागली. वस्तुतः प्राच्यविद्येचे साहित्य याच देशाचे होते. ते वाचणाऱ्यांना ग्रंथालयात शिरकाव मिळण्यास इतका विलंब झाला. विसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यातील महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा संस्थेशी दीर्घकाळ संबंध होता. त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास हा पंचखंडात्मक इंग्रजी ग्रंथ १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाला.

संग्रहात दान्तेच्या डिव्हाइन कॉमेडी या काव्याचे जुने इटालियन हस्तलिखित, अकबराची सुवर्णमोहर आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपारा येथील स्तूपात सापडलेले अवशेषपात्र व त्यासोबतच्या बुद्धमूर्ती उल्लेखनीय आहेत. संस्थेचे नाव १९५४ मध्ये ‘एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ असे झाले व २००२ मध्ये त्यातील शहराचे नाव ‘मुंबई’ असे बदलले.

इमारतीसमोरील मूळचे मोकळे मैदान ‘बाँबे ग्रीन’ म्हणून ओळखले जाई. तेथे कापसाच्या गाठी रचल्या जात. १८६० नंतरच्या दशकात त्याभोवती अर्धवर्तुळाकार इमारतींची रांग उभी राहिली व ‘एल्फिन्स्टन सर्कल’ बनले. स्वातंत्र्यानंतर त्यास बाँबे क्रॉनिकलचे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. मुंबईच्या १९९५ च्या वारसा विनियमांनुसार टाउन हॉलचा समावेश प्रथम श्रेणीच्या वास्तूंत झाला. या श्रेणीतील वास्तूच्या बाह्य वा अंतर्गत रूपात एरवी बदल करता येत नाही. संरक्षणासाठी आवश्यक असेल तेवढाच किरकोळ फेरबदल वारसा समितीच्या संमतीने करता येतो. सार्वजनिक सभा आता क्वचितच भरतात. पायऱ्यांवर मात्र दिवसभर माणसे बसलेली असतात.