घशाच्या औषधाची गन आणि गणपतीचा कारखाना

परवा पाऊस धो धो कोसळत होता म्हणून आमच्या रत्नागिरीतल्याच एका गणपतीच्या कारखान्यात आडोशाला शिरलो. आत कंप्रेसर धडधडत होता. दमट हवेत रंग सुकत नाही, म्हणून चहूबाजूंनी प्लास्टिक ठोकलेलं. त्या कोंडलेल्या जागेत एक पोरगा नाकाला रुमाल बांधून पितांबरावर सोनेरी रंग मारत होता. पाच मिनिटांत माझं डोकं जड झालं. काकांना विचारलं तर हसले. म्हणाले, "सवय होते. संध्याकाळी गूळ खायचा."

त्या पोराच्या हातातल्या गनची गोष्ट मोठी गमतीची आहे. ती मुळात रंगासाठी निघालीच नव्हती. अमेरिकेतल्या टोलेडो गावचे डॉ. ॲलन डिव्हिलबिस यांनी १८८८ च्या सुमारास रोग्याच्या घशात औषध मारायचा फवारा बनवला. पुढे १९०७ च्या आसपास त्यांच्या मुलाने, थॉमसने, त्यावरूनच रंगाची गन काढली. औषधाचे बारीक थेंब करून ते घशात पोचवायचे, हाच तर मूळ शोध. आत रंग भरला म्हणून गनचा गुण थोडाच बदलतो?

आणि हे जगाला उशिरा कळलं असंही नाही. १९२१ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पांढऱ्या शिशाच्या रंगाबद्दल करार केला. फवाऱ्याने रंग मारताना होणारा धोका टाळा, कोरडं घासून धूळ उडवू नका, कामगाराला हात धुवायची सोय द्या, हे सगळं त्यात आहे. म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तर रंगाऱ्याचा धंदाच कर्करोगकारक ठरवला.

मग नियम झाले कोणासाठी? जहाजांच्या तळाला लावायच्या टीबीटी रंगाने फ्रान्समधली कालवं खराब झाली, तेव्हा आरडाओरड झाली. २००१ मध्ये करार, २००८ पासून जगभर बंदी. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं २०१६ च्या नियमाने दहा लाखांत ९० भागांवर आणलं. विसर्जनाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये सूचना काढल्या, २०२० मध्ये सुधारल्या. विषारी रंग नकोत, असं त्यात म्हटलंय. कालवांचा विचार झाला, भिंतींचा झाला, तळ्याचाही झाला. चांगलंच झालं. पण गन धरणारा पोरगा त्यात कुठे आहे?

कायद्याचं म्हणाल तर १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर काम चालत असेल तर किमान दहा कामगार लागत. २०२० च्या संहितेत तो आकडा वीस झाला. चार-पाच माणसांचा गणपतीचा कारखाना फक्त आपल्या बोलण्यात कारखाना.

रुमालाने मोठे थेंब अडतात, थिनरची वाफ अडत नाही. धुळीचा साधा पांढरा मास्कही तेवढाच उपयोगाचा. कोळशाची डबी असलेला मास्क लागतो, आणि ती डबी वेळेवर बदलावी लागते. गॅरेजमध्ये हार्डनर घालून गाडीला मारतात त्या रंगात आयसोसायनेट असतं. त्याने दमा लागतो. तिथे डबीच्या मास्कवरही विसंबता येत नाही, नळीने बाहेरची स्वच्छ हवा नाकाशी आणावी लागते. वाफ पेट घेते, त्यामुळे चहाचा स्टोव्ह आणि विडी बाहेरच. गुळाने यातलं काहीच होत नाही. काकांनी माफ करावं.

हे सगळं मी तिथे बोललो. काकांनी ऐकून घेतलं, उठले, आणि वाऱ्याच्या आडची, पावसाची झड लागत नाही ती बाजू मोकळी करून दिली. सोनेरी धुकं हळूहळू अंगणात जाताना दिसायला लागलं. पोरगा गन खाली करून बघत राहिला.

मास्कचं विचारलं तर काका म्हणाले, "चतुर्थी होऊन जाऊ दे, मग बघू."