चाळीस थेंबांचा हिशेब

रक्ताचे चाळीस थेंब आटतात तेव्हा वीर्याचा एक थेंब होतो, हे मराठी पुरुषाला मुद्दाम शिकवावे लागत नाही. तालमीत, वसतिगृहात, शाळेच्या मागच्या बाकावर ते कानांवर पडतेच. माझे कुतूहल चाळवले ते त्यातल्या आकड्याने. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहराचा वैद्य तिसो याने अठराव्या शतकाच्या मध्याला हस्तमैथुनावर एक पुस्तक लिहिले. एक औंस वीर्य जाणे हे चाळीस औंस रक्त जाण्याहून वाईट, असे त्यात आहे. इथेही चाळीसच! आकड्याइतकेच त्यामागचे गृहीतकही सारखे. वीर्य हा साऱ्या शरीराचा अर्क आहे, असे दोन्हीकडे मानलेले दिसते.

हे गृहीतक फार जुने. चरकाने शुक्राला उसातल्या रसाची, दह्यातल्या तुपाची, तिळातल्या तेलाची उपमा दिली. ते सर्वांगात भरलेले असते, असा त्याचा अर्थ. आहाररसापासून शुक्र व्हायला महिना लागतो, असे सुश्रुतसंहिता सांगते. ग्रीकांकडे हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य म्हणत की, वीर्य मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातून खाली उतरते. वाटेत ते कानांमागच्या शिरांतून जाते, म्हणून त्या शिरा कापल्या तर पुरुष नपुंसक होतो! ॲरिस्टॉटलला वृषण हे वीर्य बनवणारे अवयव वाटतच नव्हते. हातमागावर ताण्याचे धागे ताणून धरायला बायका दगडी वजने बांधत, तशी ती वजने आहेत, असे त्याचे मत. मासे आणि साप यांना वृषण नसतात, तरी त्यांना पिल्ले होतात, असा त्याचा युक्तिवाद होता. निरीक्षण चुकीचे होते, पण माणूस निरीक्षणावरून बोलत होता, हे विसरू नये.

गेलनचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. डाव्या वृषणाची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, हे त्याला ठाऊक होते आणि ते आजही खरे आहे. त्यावरून त्याने ठरवले की डाव्या बाजूचे रक्त अशुद्ध, म्हणून डावीकडून मुली आणि उजवीकडून मुलगे. शरीररचना बरोबर, निष्कर्ष मात्र पार फसलेला. लिओनार्दो दा विंचीसारख्या डोळस माणसानेही १४९० च्या दशकातल्या एका चित्रात शिश्नात दोन नळ्या काढल्या. एक मूत्राशयाकडून येणारी, दुसरी कण्याकडून. दुसरी नळी कोणाच्याही देहात नाही. ती ग्रंथांतून आली होती. पुढे फाशी गेलेल्यांची प्रेते पाहून त्याने नोंदवले की, ताठरता वाऱ्याने नव्हे, रक्ताने येते.

वजनांचा प्रश्न सुटला हॉलंडमध्ये. डेल्फ्टचा तरुण वैद्य रेनिए द ग्राफ याने १६६८ मध्ये पुरुषाच्या जननेंद्रियांवर ग्रंथ लिहिला. वृषण म्हणजे गर किंवा मांसाचा गोळा नसून अतिसूक्ष्म नळ्यांची गुंडाळी आहे आणि वीर्य तिथेच बनते, हे त्याने दाखवले. आजच्या मोजणीने या नळ्या सरळ केल्या तर लांबी काहीशे मीटर भरते. त्यापुढच्या अधिवृषणातली एकच नळी सुमारे सहा मीटर. ॲरिस्टॉटलच्या मागावरच्या वजनातच सूत निघाले, असे म्हणायला हरकत नाही. द ग्राफ बत्तिसाव्या वर्षी, १६७३ मध्ये वारला. त्याच वर्षी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या गावच्या एका कापड दुकानदाराची ओळख करून दिली होती. हा दुकानदार म्हणजे लेवेनहूक.

लेवेनहूकचे नोव्हेंबर १६७७ चे पत्र मला फार आवडते. लायडनचा विद्यार्थी योहान हाम याने परम्याच्या एका रोग्याचे वीर्य त्याच्याकडे आणले. त्यात जिवंत प्राणी दिसतात, असे हामचे म्हणणे. लेवेनहूकने स्वतःचे वीर्य पाहिले. नाडीचे सहा ठोके पडायच्या आत ते भिंगाखाली होते आणि त्यात शेपटीवाले असंख्य जीव वळवळत होते. असे दहा लाख जीव वाळूच्या एका मोठ्या कणाएवढेही भरणार नाहीत, असे तो लिहितो. हा नमुना पापाने मिळवलेला नसून वैवाहिक संबंधानंतर उरलेला आहे, असाही खुलासा करतो. विद्वानांना किळस वाटली तर पत्र दडपून टाकावे, अशीही विनंती. सोसायटीने ते छापले, पण लॅटिनमध्ये. संकोचाचा पडदा तिथेही होताच.

पुढची दोनशे वर्षे हे जीव नेमके करतात काय, यावर वाद चालला. इटलीच्या स्पालान्झानीने बेडकांच्या नरांना मेणकापडाच्या चड्ड्या घातल्या आणि वीर्याचा स्पर्श झाल्याशिवाय अंडी फळत नाहीत, हे सिद्ध केले. त्याने वीर्य गाळूनही पाहिले. गाळलेले पाणी निरुपयोगी, कागदावरचा साका उपयोगी. तरी शुक्राणूंना श्रेय द्यायला तो तयार झाला नाही. ते काम १८२४ मध्ये प्रेव्हो आणि द्यूमा यांनी केले. १८७६ मध्ये हेर्टविगने समुद्री साळिंद्राच्या अंड्यात दोन केंद्रके एक होताना पाहिल्याचे प्रसिद्ध केले. मधल्या काळात, १८४९ मध्ये, बेर्थोल्डने कोंबड्यांचे वृषण काढून पोटात दुसरीकडे बसवले. तुरा, आरव आणि भांडखोरपणा कायम राहिला. वृषण रक्तात काहीतरी सोडतात, हे त्यावरून कळले.

आता चाळीस थेंबांचा हिशेब करू. एका वेळचे वीर्य सरासरी तीन मिलिलिटर. त्यात शुक्राणू जेमतेम दोन ते पाच टक्के. सुमारे दोन तृतीयांश द्रव शुक्राशयांतून येतो, त्यात फळांतली साखर असते. बाकी बहुतेक प्रोस्टेटचा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, पण ते रोज कोट्यवधींनी बनतच असतात. न वापरलेले शरीर मोडून शोषून घेते. म्हणजे साठवून ठेवायचा खजिना असा नाहीच. आणि चाळीसपट खरे धरले तरी काय? तीन वेळचे मिळून ३६० मिलिलिटर रक्त. रक्तदान शिबिरात एका पिशवीत ३५० घेतात आणि दात्याला चहा-बिस्किट देऊन घरी पाठवतात.

हे इतके सोपे गणित माझ्या वसतिगृहातल्या एका मित्राला कोणी सांगितले नव्हते. एसटी स्टँडच्या भिंतीवरची जाहिरात वाचून तो एका लॉजमधल्या ‘तज्ज्ञा’कडे गेला. दोन महिन्यांचे खानावळीचे पैसे त्याने पुड्यांवर घातले. रात्री जागायचा, वजन घटले, परीक्षेला बसला नाही. त्याला झालेला रोग म्हणजे भीती. मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या भीतीच्या दुखण्याला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले होते. ते त्या लॉजपर्यंत पोचले नव्हते, इतकेच.

खेद याचा की, मराठीत हे सांगणारा माणूस त्याआधीच होऊन गेला होता. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, नोकरी गमावली, जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड चुकला नाही. १९५३ मध्ये कर्वे गेले आणि मासिकही थांबले. ज्या भाषेत अवयवांची नावे छापल्याबद्दल संपादकाला कोर्टात खेचले, त्याच भाषेत ‘गुप्तरोग, शीघ्रपतन, स्वप्नदोष’ हे शब्द फूटभर उंचीच्या अक्षरांत एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेले मी वाचत मोठा झालो.