खुद्रीचा अभ्यासक : डॉ. सी. व्ही. कुलकर्णी

क्षिप्रा चंबळेला मिळते आणि चंबळ यमुनेला. नर्मदेशी क्षिप्रेचे निसर्गतः काही नाते नाही. हे नाते माणसाने २०१४ साली जोडले. ओंकारेश्वराकडील पाणी नळांतून विंध्याच्या माथ्यावर चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्यात आले, आणि २०१६ च्या सिंहस्थात भाविकांनी रामघाटावर ज्या पाण्यात बुडी घेतली, त्यात नर्मदेचा वाटा मोठा होता. एका खोऱ्यातील पाणी किंवा जीव दुसऱ्या खोऱ्यात नेला म्हणजे काय होते, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या दाराशी आला आहे. म्हणूनच ज्यांचे नाव आपल्याकडे क्वचितच घेतले जाते, अशा एका मराठी मत्स्यशास्त्रज्ञाचे कार्य उज्जैनच्या वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचे नाव शास्त्रजगतात प्रथम झाले ते एका क्षुद्र, काचेसारख्या पारदर्शक मासळीमुळे. मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील खाड्यांत ती आढळे; लांबी जेमतेम इंचभर. १९४० साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात त्यांनी तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि ‘होराइक्थिस सेटनाय’ असे नाव दिले. त्यातील होरा म्हणजे भारतीय मत्स्यशास्त्राचे अध्वर्यू सुंदरलाल होरा आणि सेटना म्हणजे मुंबई सरकारच्या मत्स्यखात्याचे डॉ. एस. बी. सेटना. मासळी एवढीशी, पण तिचे चरित्र विलक्षण. नराच्या गुदपराचे पुढचे काटे लांबून त्यांचे एक अवयवच बनलेले. त्याच्या योगे तो शुक्राणूंची पुडी मादीच्या अंगाला चिकटवितो. मादीचा उजवा श्रोणीपर बहुधा नसतोच. गर्भधारणा पोटात होते, तरी मादी पिल्ले न घालता अंडीच घालते. कुलकर्णींनी तिच्यासाठी स्वतंत्र कुलच कल्पिले. पुढे २००८ मध्ये लिन पॅरेंटी यांनी तिला ‘ओरायझिअस’ या जुन्या प्रजातीत सामावून घेतले. वर्गीकरण बदलले, निरीक्षणे मात्र टिकली. माझ्या मते शास्त्रज्ञाची खरी कसोटी हीच.

हाच चिकित्सक डोळा त्यांनी नर्मदेकडे वळविला. समुद्रातून नदीत चढणारा पाला, ज्याला बंगाली लोक इलिश म्हणतात, भडोचकडच्या नर्मदेत पावसाळ्यात येतो. तो अंडी केव्हा घालतो, ती कशी दिसतात आणि पिल्लू कसे वाढते, याचा वृत्तांत त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केला. आज सरदार सरोवराच्या खाली गोडे पाणी आटल्याने पाल्याची आवक पुष्कळच घटली आहे. ती नदी पूर्वी कशी होती, हे पाहायचे झाल्यास असल्या जुन्या निबंधांकडेच जावे लागते.

तथापि त्यांचा प्रभाव सर्वांत दूरवर पोहोचला तो महासीरामुळे. दख्खनच्या महासीराचे शास्त्रीय नाव ‘टोर खुद्री’. पुण्याच्या मुळा-मुठेतील या माशाचे वर्णन १८३९ मध्ये कर्नल साईक्सने केले, तेव्हा येथील लोकांच्या तोंडचे नावच त्याने लॅटिन पेहरावात बसविले! धरणे, सुरुंग आणि विषप्रयोग यांमुळे हा मासा विरळ होत चालला होता. लोणावळ्याजवळच्या टाटांच्या वळवण तलावावर कुलकर्णींनी त्याच्या विणीचा छडा लावला. पावसाळ्यात ओढ्यांचे पाणी तलावात शिरू लागले की परिपक्व मासे तेथे जमतात. अशी जोडी धरून मादीच्या पोटावर हलका दाब देत अंडी काढावयाची आणि त्यांवर नराचे वीर्य मिसळावयाचे. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पुढचे काही दिवस बलकावरच जगते आणि अंधाऱ्या कोपऱ्यात तोंड खुपसून राहते, हेही त्यांनी टिपले. १९७० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये हे प्रसिद्ध झाले. पुढे एस. एन. ओगले यांच्या सहकार्याने त्यांनी हे तंत्र सुधारले. फलित अंडी ओल्या कापसात घालून दूरवर पाठविता येतात, ही युक्ती याच प्रयोगांतून आली. लोणावळ्याच्या उबवणी केंद्रातून मग बोटुकल्या अनेक राज्यांना जाऊ लागल्या.

आणि येथेच कथा अवघड होते. ही पिल्ले कावेरीतही सोडली गेली. कावेरीत मूळचा एक महासीर आहे, पाठीला उंचवटा असलेला, अतिशय मोठा वाढणारा. गळाने मासे धरणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदी तपासून एड्रियन पिंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, खुद्रीची संख्या वाढत गेली आणि मूळ महासीर दिसेनासा झाला. त्याची शास्त्रीय ओळख ‘टोर रेमादेवी’ अशी २०१८ मध्ये पटली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर उभा होता. ज्या खुद्रीला वाचविण्यासाठी खटाटोप केला, ती परक्या नदीत बांडगूळ ठरली.

याचा दोष कुलकर्णींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्या काळी महासीरांच्या जातींची ओळख पुरती पटलेली नव्हती, आणि रिकाम्या नद्या भराव्यात हीच सर्वांची धारणा होती. पण त्यांच्या कार्याचे दोन वारसे होते हे मान्य करावे लागते. एक, पाण्याकाठी बसून त्या त्या ठिकाणच्या माशाची रीत पाहण्याचा. दुसरा, पिशवीत भरून नेता येणाऱ्या पिल्लांचा. दुसरा सोपा होता, म्हणून तोच अधिक पसरला.

आपल्या प्रांतात नर्मदेचा महासीर वेगळा : टोर टोर. २०११ साली तो मध्यप्रदेशाचा राज्यमत्स्य ठरला. त्याला वाहते, खडकाळ पाणी लागते. इंदिरासागर आणि ओंकारेश्वर धरणांनी नेमके तेच पाणी मोठ्या प्रमाणावर थोपविले. बडवाह परिसरात वनखात्याने त्याच्या कृत्रिम पैदाशीचे प्रयत्न केले, तेव्हा त्यासाठी नर्मदेतलेच नर-मादी धरण्यात आले.