शेपू, उपवास आणि तेल

मागच्या दोन व्याख्यानांत आपण मिरी आणि लवंगेबद्दल बोललो. त्यात जहाजं होती, बंदरं होती, लढाया होत्या. आजचा विषय शेपू. याच्यासाठी कुणी जहाज पाठवलं नाही. उलट घरात शेपू शिजला की निम्मी मंडळी नाक मुरडतात आणि उरलेली निम्मी एक भाकरी जास्त खातात.

हल्ली एक वाक्य वारंवार कानावर येतं, की आपले पूर्वज तर व्हीगनच होते. पुरावा म्हणून शेपूची भाजी आणि ज्वारीची भाकरी दाखवतात. दूध नाही, तूप नाही, मध नाही. बघा, झालं की व्हीगन! आम्हाला हे पटत नाही. पदार्थ व्हीगन आहे, यात वादच नाही. पण तो तसा का झाला, हा प्रश्न वेगळा आहे.

मुळात ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ सालचा. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या काही सोबत्यांनी ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाचं डोकं आणि शेपूट जोडून तो तयार केला. त्यामागे विचार होता, की जनावराकडून काहीच घ्यायचं नाही. शेपू त्याच्या कितीतरी आधीचा. इजिप्तमध्ये दुसऱ्या आमेनहोतेपच्या थडग्यात शेपूच्या काड्या सापडल्या, म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार वर्षं झाली. बायबलात मॅथ्यूच्या शुभवर्तमानात पुदिना आणि जिऱ्याबरोबर शेपूचाही दशमांश देणारे लोक भेटतात. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात मात्र त्याचं अ‍ॅनिस झालं! आपल्याकडेही घोळ आहेच. संस्कृतातली शतपुष्पा म्हणजे शेपू की बडीशेप, यावर टीकाकारांचं एकमत नाही. काश्यपसंहितेत शतपुष्पा आणि शतावरी यांच्यावर एक आख्खा अध्याय आहे. स्त्रियांचं आणि बाळांचं आरोग्य हा त्या ग्रंथाचा खास विषय. आजही बाळंतिणीला दूध यावं म्हणून जेवणानंतर बाळंतशोपा देतात, ते शेपूचंच बी.

आता मुद्द्यावर येऊ. दुधातुपाशिवाय शेपू शिजवण्याची मोठी परंपरा कुठे तयार झाली? आमचं उत्तर आहे इस्तंबूल, म्हणजे जुनं कॉन्स्टँटिनोपल. तिथल्या ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवास काटेकोर. सगळे पाळायचे म्हटले तर वर्षाचे जवळजवळ निम्मे दिवस मांस, दूध, लोणी, अंडी बंद. मासेही बहुतेक दिवस बंद, पण कोळंबी-शिंपल्या चालतात. (म्हणजे तेही पूर्ण व्हीगन नाहीतच.) कडक दिवशी तर तेलसुद्धा वर्ज्य. मग ज्या दिवशी तेलाची मुभा असे, त्या दिवशी ऑलिव्ह तेलात भाज्या मंद शिजवायच्या आणि वरून लिंबू पिळायचं. आर्टिचोकचे गड्डे, बटाटा, गाजर, कांदा आणि मूठभर ताजा शेपू. ग्रीसमध्ये या पदार्थाला ‘अला पोलिता’ म्हणतात, म्हणजे ‘शहराच्या पद्धतीचं’. ‘शहर’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर एकच शहर येतं.

शेजारच्या तुर्की मुसलमान घरांतही तेलात शिजवून गार खाण्याच्या भाज्यांचा असा स्वतंत्र वर्गच आहे. कुणी कुणाकडून घेतलं, हे सांगणं कठीण. एक शब्द मात्र बोलका आहे. द्राक्षाच्या पानांत भात, कांदा, शेपू, पुदिना घालून ज्या बिनमांसाच्या गुंडाळ्या करतात, त्यांना तुर्कीत ‘यालांजी’ म्हणतात. यालांजी म्हणजे खोटारडा. मांस नाही, म्हणून खोटा! ग्रीकांनीही तो तुर्की शब्द तसाच ठेवला. पुढे १९५५ च्या दंगली झाल्या, १९६४ मध्ये हद्दपारी झाली, आणि इस्तंबूलचे बहुतेक ग्रीक निघून गेले. अथेन्समध्ये आज ताटात ‘अला पोलिता’ येतं, तेव्हा ते सोडलेलं शहरही त्या नावातून येतं.

आपला उपवास बघा, अगदी उलटा. दूध, तूप, दही सगळं चालतं. पालेभाजी नाही, डाळ नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेला बटाटा चालतो, पण मुगाची डाळ घातलेला शेपू चालत नाही. तेव्हा आपली शेपूची भाजी उपवासातून आलेली नाही. आमच्या मते ती आली शेतकऱ्याच्या हिशोबातून. १९७० साली ऑपरेशन फ्लड सुरू झालं, त्याआधी दूध आजच्यासारखं मुबलक नव्हतं. दारात म्हैस असली तरी लोणी कढवून तूप विकायला जायचं; घरच्या फोडणीला करडईचं, नाहीतर शेंगदाण्याचं तेल. म्हणून पूर्वजांना व्हीगन म्हणताना जरा थांबावं, असं आम्ही म्हणतो. तूप नको होतं असं नव्हे, परवडत नव्हतं. गौरी येतात त्या दिवशी कित्येक घरांत शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य असतो, आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीवर तूप असतं. देवीला दोन्ही माहीत आहे: रोजचं काय आणि सणाचं काय.

पुष्कळांनी विचारलं होतं म्हणून भाजीचं थोडं सांगतो. मुगाची डाळ अर्धा तास भिजवायची. तेल तापलं की मोहरी, हिंग, ठेचलेला भरपूर लसूण, हिरवी मिरची, हळद. (मिरची पोर्तुगीजांनंतरची, त्याआधीच्या फोडणीत ती असणं शक्य नाही.) मग डाळ आणि जाड देठ काढून चिरलेला शेपू. पाण्याचा नुसता हबका मारायचा, झाकण ठेवायचं. डाळ शिजावी पण मोडू नये. इस्तंबूलकर शेपूचा काही भाग तरी शेवटी घालतात, कारण त्याचा वास उडून जातो. आपण तो सुरुवातीलाच घालतो, कारण आपल्याला तो वास मवाळ झालेला, लसणात मुरलेला हवा असतो. शिवाय आपला शेपू आणि त्यांचा शेपू तंतोतंत एक नव्हेच. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या रॉक्सबर्गनी भारतीय शेपूला ‘सोवा’ असं वेगळं जातिनाम दिलं होतं. आज तो त्याच जातीत धरतात, पण बियांच्या तेलात फरक आहे: तिकडे कार्व्होन जास्त, इकडे डिलापिओल भरपूर. त्यामुळे तिकडची कृती इथल्या जुडीवर केली आणि चव वेगळी आली, तर दोष तुमच्या हाताचा नाही.

वेळ संपत आली. पुढच्या वेळी अंबाडी. तिच्यात तेल जास्त लागतं, आणि वादही.