परभणीची भेंडी

गोदावरीच्या खोऱ्यांतील परभणी जिल्ह्याचें नांव निघतांच काळी जमीन, कापूस आणि ज्वारी हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु रोजच्या भाजीच्या इतिहासांतहि या जिल्ह्याला मानाचें स्थान आहे, आणि तें मिळालें एका भेंडीमुळें.

भेंडीचें मूळ स्थान आफ्रिका कीं हिंदुस्थान, याविषयीं वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तिचें कूळ मात्र निश्चित आहे. कापूस, अंबाडी आणि जास्वंद हीं तिचीं भावंडें होत. फुलकोबीसारख्या थंडीच्या भाज्या बाजारांत विरळ झाल्या, म्हणजे उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत गृहिणीला भेंडीचा मोठा आधार असतो. शंभर ग्रॅम भेंडींत सुमारें ३ ग्रॅम तंतु व ८० मिलिग्रॅम कॅल्शियम असून क जीवनसत्त्वहि बरेंच असतें. ती परतावी, मसाला भरून शिजवावी, किंवा चिंचेच्या आंबटानें तिचा बुळबुळीतपणा मोडून रस्सा करावा.

अशा या भाजीवर विसाव्या शतकांत एक संकट आलें. १९२४ सालीं मुंबई इलाख्यांत त्याची प्रथम नोंद झाली. पानांच्या शिरा पिवळ्या पडत, मग सारें पान हळदीसारखें होई, आणि फळें फिकट, खुरटीं व राठ निघत. शेतकऱ्यांनीं या रोगाला केवडा असें नांव दिलें. तो विषाणुजन्य असल्याचें १९४० सालच्या संशोधनानें दाखविलें. त्याचा प्रसार करते ती पांढरी माशी. ही माशी कापसावरहि पोसते. त्यामुळें कापसाच्या मुलुखांत भेंडीचा शत्रु तिच्या शेजारींच नांदतो. एकदां लागण झालेलें झाड कोणत्याहि औषधानें बरें होत नाहीं, आणि रोप कोवळें असतांना लागण झाली तर बहुतेक सारें पीक हातचें जातें.

तेव्हां रोगाला दाद न देणारा वाण निर्माण करणें, हाच खरा उपाय होता. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंत हरभजन सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘पुसा सावनी’ हा वाण तयार केला. तो लोकप्रिय झाला. परंतु कांहीं वर्षांनीं त्याचीहि प्रतिकारशक्ति ओसरली.

परभणीस निजामाच्या राजवटींत, १९१८ सालीं, शेतकीचें प्रयोगक्षेत्र स्थापन झालें होतें. त्याच परंपरेंतून १९७२ सालीं येथें मराठवाडा कृषि विद्यापीठ उभें राहिलें. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचें नांव आहे. या विद्यापीठांतील एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या संशोधकांनीं भेंडीच्या एका दूरच्या नातलगाकडे दृष्टि वळविली. अबेल्मॉस्कस मॅनिहॉट हें त्याचें शास्त्रीय नांव. त्याचीं फळें बाजारांत खपण्याजोगीं नव्हतीं, पण केवड्यापुढें तें झाड तग धरून राहत होतें. त्याचा पुसा सावनीशीं संकर करण्यांत आला. भिन्न जातींच्या अशा संकरांत बीजधारणा नीट होत नाहीं. म्हणून संकरित रोपांचा पुसा सावनीशींच पुन्हां संकर करून, पिढ्यामागून पिढ्या त्यांतून निवड करीत जावें लागलें. गुण हवा होता तो रानटी आप्ताचा, आणि फळ हवें होतें तें घरच्या भेंडीचें. या चिकाटीचें फळ १९८५ सालीं ‘परभणी क्रांति’ या नांवानें शेतकऱ्यांच्या हातीं पडलें. पावसाळ्यांतहि भेंडीची लागवड करण्याचा धीर त्यामुळें त्यांना आला, आणि एका जिल्ह्याच्या गांवाचें नांव देशभरच्या बियाण्यांच्या पिशव्यांवर झळकलें.

पुढें विषाणु बदलत गेला, आणि अनेक ठिकाणीं परभणी क्रांतीवरहि केवडा दिसूं लागला. नव्या वाणाचा शोध म्हणून आजहि चालूच आहे, आणि त्यासाठीं संशोधकांना पुन्हां त्याच रानटी आप्तांकडे जावें लागतें. रानें व बांध नाहींसे होतांना हे आप्तहि नाहींसे झाले, तर पुढील संकटाच्या वेळीं मदत मागावयास कोणी उरणार नाहीं. मंडईंतील पावशेर भेंडीचें भवितव्य असें, जिच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं त्या रानभेंडीच्या रक्षणाशीं जोडलेलें आहे.