पुण्यातले भाऊ, खानदेशातली पीजे

खानदेशात, कान नदीकाठच्या साक्रीतून सुरत-नागपूर महामार्ग जातो. रेल्वे जात नाही. गाडी धरायची तर धुळे, दोंडाईचा नाहीतर नंदुरबार गाठायचे. चाळीसगावहून धुळ्याला रेल्वे आली ती १९०० साली. सव्वाशे वर्षे होऊन गेली, तरी साक्रीतल्या पोराला इंजिन जवळून बघायचे तर आधी एसटीत बसावे लागते. अशा मुलांची सहल पुण्याला गेली की शनिवारवाडा, सिंहगड होतोच. त्यांना कोथरूडमध्ये, जी. ए. कुलकर्णी पथावरही न्यायला हवे. तिथे भाऊ जोशींची रेल्वे आहे.

भाऊ, म्हणजे बी. एस. जोशी, हे ‘सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स’ ही कंपनी चालवणारे उद्योजक. छोट्या आगगाड्यांचा त्यांना नाद होता आणि हा नाद त्यांनी घरापुरता ठेवला नाही. आधी त्यांनी उचलून नेता येईल असा लेआउट, म्हणजे छोट्या रेल्वेची मांडणी, बांधला, त्याची प्रदर्शने भरवली. दर प्रदर्शनाला रूळ जोडायचे, तारा लावायच्या, संपले की सगळे उकलायचे. १९९१ मध्ये त्यांनी कायमचा लेआउट उभारायला घेतला आणि १ एप्रिल १९९८ रोजी ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’ लोकांसाठी उघडले. खेळण्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात एक माणूस पुण्यात बसून हे जमवत होता. आज जगभरचे लोक ज्यासाठी हॅम्बुर्गला जातात, ते मिनिआटुर वुंडरलांड उघडले २००१ साली. भाऊंचे दार त्याच्या तीन वर्षे आधी उघडले होते.

आत एक अख्खे शहर आहे. वाफेच्या इंजिनाची गाडी, वेगवान गाड्या, उड्डाणपूल, सिग्नल, दिव्यांचे खांब, सर्कस, पोहण्याचा तलाव, मोटारीत बसून सिनेमा बघायचे थिएटर. अंधार केला की खिडक्याखिडक्यांत दिवे लागतात.

या छंदाचे खरे कसब मात्र टेबलाखाली असते. या क्षेत्रात सर्वाधिक चालणारे प्रमाण आहे एकास सत्याऐंशी, ज्याला एचओ म्हणतात. त्यात रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर, आणि आपल्याकडचा साधा आयसीएफ डबा होतो जेमतेम २५ सेंटिमीटर लांब. गाडीला वीज मिळते रुळांतूनच. म्हणून रुळाचे एकमेकांपासून विजेने तोडलेले तुकडे करतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक ब्लॉक. पुढच्या ब्लॉकमध्ये गाडी असली की मागच्या गाडीची वीज बंद आणि सिग्नल लाल. भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनवरही तत्त्व हेच: एका वेळी एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. म्हणून लेआउट बांधणाऱ्याला सुतारकाम येऊन भागत नाही, रेल्वे कशी चालते ते कळावे लागते. भाऊंकडे विजेची समज होती आणि धीरही होता. या छंदात धीर जास्त लागतो.

कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावचे जॉन अ‍ॅलन हे या छंदातले सर्वांत आदराचे नाव. त्यांच्या घराच्या तळघरात डोंगरदऱ्यांची एक अद्भुत रेल्वे होती. जानेवारी १९७३ मध्ये ते गेले आणि दोन आठवड्यांच्या आत आग लागून तो लेआउट जवळजवळ सगळा नष्ट झाला. उरले ते फोटो आणि लेख. पुण्यात वेगळे घडले. भाऊंच्या मागे त्यांचे चिरंजीव रवी जोशी यांनी संग्रहालय चालते ठेवले. भाऊंचे मोठेपण मोजताना हे धरायलाच हवे. त्यांनी छंदाला तिकीट, वेळ, पत्ता दिला, घरच्यांना त्यात ओढले. त्यामुळे तो एका माणसाच्या आयुष्याएवढा राहिला नाही.

खानदेशाने यातून काही घ्यायचे असेल तर ते पीजेसाठी. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर, अडीच फुटी नॅरोगेज, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेली. शेंदुर्णी, पहूर करत ५६ किलोमीटर जाणारी ही गाडी शेतकऱ्यांची, शाळकरी पोरांची, बाजारकरणींची. २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत ती थांबली आणि पुन्हा धावली नाही. तिथे आता ब्रॉडगेज मंजूर आहे. ते व्हायलाच हवे, जामनेरला मोठी गाडी हवीच आहे. पण जुने फलाट, पाण्याच्या टाक्या, छोटे पूल एकदा गेले की त्यांची मापे कुठून आणणार?

म्हणून मापे आताच घ्यावीत आणि पीजेचा लेआउट बांधावा. एकास सत्याऐंशीच्या प्रमाणात पीजेच्या रुळांमधले अंतर होते पावणेनऊ मिलिमीटर. ९ मिलिमीटरचे तयार रूळ बाजारात मिळतात, म्हणजे सुरुवात तरी सोपी आहे. सगळी लाइन मांडायची तर साडेसहाशे मीटर जागा लागेल. ते कोणी मागत नाही. एक पहूर स्टेशन, एक वळण, एक पूल पुरे. धुळे-जळगावच्या आयटीआयतली, इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुले हे एका वर्षात करू शकतात. पीजेवर नोकरी केलेली माणसे अजून पाचोऱ्यात, जामनेरला भेटतात. डब्याचा रंग कोणता, शिट्टी कुठे वाजायची, हे ती सांगतील. तेव्हा टेप आणि वही घेऊन या उन्हाळ्यातच निघा.